पेन शे का नय शे?

मे महिन्यात दुपारी एक ते चार चोपड्याला जो दुकान उघडं ठेवतो, तो एकतर गावात नवा असतो, नाहीतर बँकेचा हप्ता त्याच्या मानगुटीवर बसलेला असतो. मी गावातला जुना आहे. दुकान ठिबकच्या सामानाचं. लॅटरलची, म्हणजे शेतात पसरायच्या काळ्या नळीची बंडलं, ड्रीपर, ग्रोमेट, एंड कॅप, बॉल व्हॉल्व, फिल्टरच्या जाळ्या. मृगबागेची केळी लावायची घाई, म्हणून त्या दिवशी भर उन्हात एक तात्या आले. १६ एमएमची चार बंडलं बाजूला काढायला सांगितली आणि म्हणाले, "नाव टाकी ठेव. सांजले ट्रॅक्टर लई येस."

काळ्या नळीवर साधा मार्कर उमटत नाही. तिला पांढरा पेंट मार्कर लागतो, टायरवाले आणि वेल्डर वापरतात तो. माझा सकाळपासून गाडीच्या डिक्कीत पडलेला. गाडी उन्हात आणि पारा ४४ वर. मी तो घेऊन आलो, सवयीने हलवला, आत गोळी खुळखुळ वाजली, टोपण काढलं आणि निब नळीवर दाबली. पिचकारीच उडाली. नळीवर, काउंटरच्या काचेवर आणि तात्यांच्या धोतरावर. तात्यांनी धोतराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि अगदी शांतपणे विचारलं, "आरे भो, हाई पेन शे का नय शे?"

शे म्हणजे आहे, आणि नय म्हणजे नळ. आमच्या अहिराणीत ळ टिकत नाही, त्याचा य होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, तसा नळाचा नय. धोतर मुळात पांढरं होतं, तेवढं माझं नशीब.

तात्या गेले आणि मी मार्कर चिरफाडीला घेतला. एरवी आयुष्यभर व्हॉल्व विकतोय, पण हातातल्या पेनात व्हॉल्व असतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. निब पकडीने ओढली की सहज निघते. तिच्यामागे पेन्सिलीएवढा जाड प्लॅस्टिकचा तुकडा, त्यात केसासारख्या तारेची स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या जोरावर भोकात घट्ट बसलेला एक इवलासा शंकू. निब दाबली की तिचं मागचं टोक शंकूला ढकलतं, फट पडते, रंग निबेत उतरतो. दाब काढला की स्प्रिंग शंकूला पुन्हा जागेवर नेऊन बसवते. पाणी उलटं फिरू नये म्हणून मोटारीच्या पाइपाला स्प्रिंगचा नॉन रिटर्न व्हॉल्व बसवतात, त्याच्या पोटात याहून वेगळं काही नसतं. तो उचलायला दोन हात लागतात आणि हा माझ्या नखावर मावला, एवढाच फरक. खुळखुळणारी गोळी लिहिण्यासाठी नसतेच. तळाशी बसलेला रंग ढवळायला ती सोडलेली असते.

चूक माझी होती. रंग पातळ ठेवणारं जे द्रव्य असतं त्याची उन्हात वाफ होते, आतली हवाही फुगते आणि सगळं मिळून त्या शंकूमागे दबा धरून बसतं. अशा वेळी निब आभाळाकडे करून एकदा हलकेच दाबायची. फुस्स होतं, मग खाली वळवून लिहायचं. म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी उचलण्याचाच प्रकार. घरी माय रोज करते, मी दुकानात विसरलो.

व्हॉल्व नसला तर काय होतं हे आमच्या पिढीला शाळेतच कळलंय. शाईचं पेन. त्याला व्हॉल्व नाही, नुसती जीभ. निबेखाली काळी जीभ असते, तिला केसाएवढी चीर. त्या चिरेतून शाई खाली येते आणि तिच्या शेजारून हवा वर जाते. दिव्याची वात ज्या गुणाने तेल ओढते त्याच गुणाने चीर शाईला धरून ठेवते. हवा आत गेलीच नाही तर पेन गप्प, आणि भसकन गेली तर वहीवर डबकं. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमन यांनी शाई आणि हवा यांची ही देवाणघेवाण जमवणाऱ्या जिभेचं पेटंट घेतलं. पण आमच्या तालुक्यातल्या यात्रेत मिळणाऱ्या पेनांना ते कोणी कळवलं नसावं.

आमची पेनं ड्रॉपरने भरायची. शाई महाग म्हणून घरून हुकूम असायचा, अर्धंच भर. आणि नेमकं अर्धं पेनच जास्त गळतं. रिकाम्या जागेत हवा असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि खालच्या शाईला बाहेर ढकलते. पेन काठोकाठ भरलेलं असेल तर फुगायला हवाच नसते. हे तेव्हा ठाऊक असतं तर घरी भांडता आलं असतं. मार्चची परीक्षा, वर तापलेले पत्रे, शेवटच्या अर्ध्या तासात पेनात तळाला गेलेली शाई. बोटं निळी झाली की ती डोक्याला पुसायची, ही आमची खानदेशी पद्धत. केस काळे, शाई निळी, कुणाला कळतंय? शर्टाच्या खिशावरचा डाग मात्र मायला बरोबर कळायचा.

जपानात यावर एक झकास तोड काढलेली आहे. तिथल्या काही ड्रॉपरच्या पेनांना शेपटीला फिरवायची बोंडी असते. ती आवळली की आतली लांब दांडी पुढे सरकते आणि शाईची वाटच बुजवते. प्रवासात बंद, लिहायला बसलं की सैल. आपल्या शेताच्या कोपऱ्यावरच्या कॉकसारखंच.

माझं पेन गळालं की आबा विचारायचे, "पाट फुटना का?" आबा, माझ्या आईचे वडील, साक्रीकडचे, पांझरेकाठचे. तिथे जुनी फड पद्धत. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी शेताच्या मालकाने घ्यायचं नसतं, ते पाटकरी देतो. आबा काही वर्षं पाटकरी होते. त्यांच्याजवळ ना चाक होतं ना दांडी. एक पावडं, दोन ढेकळं आणि गवताचा बोळा. पाट कुठे फोडायचा आणि कुठे बांधायचा एवढंच काम, पण ते रात्री-बेरात्री आणि भांडणं सोसून. भांडण कुणाला पाणी मिळालं यापेक्षा वेळेवर कुणाचं बंद केलं नाही, यावर जास्त व्हायचं. उघडायला कुणीही येतं, म्हणायचे.

बॉलपेनने हा सगळा ताप एका गोळीवर टाकला. १९३८ मध्ये लास्लो बिरो यांनी आपल्या बॉलपेनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ती गोळी चाकही आहे आणि बूचही. फिरली की मागची घट्ट शाई पुढे आणते, थांबली की भोक अडवून बसते. नव्या रिफिलीच्या टोकाला मेणासारखा रंगीत थेंब असतो, तो आपण नखाने काढतो आणि विसरून जातो. दुकानातून घरापर्यंतचं तेच कुलूप. जेल पेनाच्या रिफिलीत शाईच्या मागे बोटभर पारदर्शक वंगण असतं. मी लहानपणी ते शाईत पाणी मिसळल्याचा पुरावा समजायचो. ते असतं म्हणून शाई मागून वाळत नाही आणि खिशात उलटं पेन ठेवलं तरी मागून निसटत नाही. रिफिल अडली की आम्ही ती दोन तळव्यांत घेऊन चोळायचो, शेंगोळ्या वळाव्या तशी. शाई कोमट झाली की सैल होते, त्यामुळे हा उपाय खरोखर चालायचा. काडी पेटवून शेकण्याचा उपाय मात्र चालत नाही. तो मी केलेला आहे, पुढचं सांगत नाही.

आता धंद्यातलं एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चांगल्या ड्रीपरच्या पोटात रबराची एक पापडी असते, नखापेक्षा लहान. पाण्याचा दाब वाढला की ती पापडी दबते आणि पाण्याची वाट चिंचोळी करते; दाब कमी झाला की उचलली जाते. म्हणून विहिरीजवळच्या झाडाला आणि बांधापलीकडच्या शेवटच्या झाडाला तासाला तेच चार लिटर. आबांनी रात्रभर पावडं घेऊन जे केलं ते ही पापडी झोपेत करते. तिला कुणी शिव्याही देत नाही.

पण लोक ड्रीपर घेतात आणि नळी रिकामी होताना हवेला आत वाट देणारा एअर व्हॉल्व घेत नाहीत. पैसे पाण्याचे देतो, हवेचे कशाला, असा हिशेब. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मोटार पटकन बंद पडते, नळीतलं पाणी उताराकडे पळतं, मागे पोकळी होते आणि ड्रीपर बाहेरचा चिखल आत ओढून घेतात. महिनाभराने शेतकरी येतो, ड्रीपर चोंदले म्हणून माझ्यावरच ओरडतो. शाईच्या पेनाचंच दुखणं, फक्त एकराच्या मापाचं.

सांजले तात्या स्वतः आले. बंडलांवर नाव टाकलेलं होतं, शेवटच्या अक्षराचा ओघळ थेट खालपर्यंत. मी विषय काढला एअर व्हॉल्वचा. त्यांनी मान हलवली. मग मी लॅटरलचा हातभर तुकडा कापला, बादलीत बुडवला, वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि नळी बाहेर काढली. खालचं तोंड उघडं, तरी पाणी आत तसंच. अंगठा उचलला, पाणी भळकन खाली. "हवाले वाट दिधी का पानी चालस," मी म्हणालो.

तात्यांनी तुकडा माझ्या हातातून घेतला. स्वतः बुडवला, अंगठा दाबला, वर उचलला, डोळे बारीक करून खालच्या तोंडात बघितलं. लहान पोरासारखं दोनदा केलं. तिसऱ्यांदा नळी कुठे धरली आहे याचा त्यांना विसर पडला आणि अंगठा उचलला गेला. धोतरावर दुपारच्या पांढऱ्या डागाशेजारीच ओंजळभर पाणी.

"हाऊ मातर नयच शे," तात्या म्हणाले, आणि व्हॉल्वचं "पुढला खेपले देखसू" असं सांगून ट्रॅक्टरवर चढले.