बारा डॉलर आणि घरी न्यायला मासे

रविवार, रात्री साडेदहा

आज आईला घेऊन न्यूयॉर्कच्या चायनाटाउनात गेले. ती इथे जर्सी सिटीत आल्यापासून तिची एकच भुणभुण होती, काचेमागचा कापून ठेवलेला मासा तिला चालत नाही. "कल्ले उघडून बघता आले नाहीत तर घ्यायचा कशाला?" मग कॅथरीन स्ट्रीटच्या बाजूला गेलो. तिने चार दुकानं पालथी घातली, दोन पापलेटं घेतली आणि पाय दुखतात म्हणून बाकावर बसली. समोर पुतळा.

"हा कोण गं?"

"आल्फ्रेड स्मिथ. न्यूयॉर्कचा गव्हर्नर होता."

"राज्यपाल?" तिच्या सुरातच 'म्हणजे शोभेचा' असं होतं. तिला सांगितलं, इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, फक्त लोक थेट मत देऊन निवडतात. आणि हा आधी मासळी बाजारात कामाला होता. त्यावर ती सरसावून बसली.

मला याच्याबद्दल बरंच माहीत आहे, कारण मध्यंतरी हा माणूस डोक्यात बसला होता. जन्म १८७३ चा, इथल्याच गल्ल्यांमधला. बाप मालाच्या गाड्या हाकायचा. ब्रुकलिन ब्रिज उभा राहत होता तेव्हा हा त्याच्या सावलीत खेळत होता. बाप गेला, आठवी पुरी व्हायच्या आत शाळा सुटली, आणि पुढे फुल्टनच्या मासळी बाजारात नोकरी. पहाटे चारला हजर, आठवड्याला बारा डॉलर, वर घरी न्यायला हवे तेवढे मासे. त्याचं एक काम असं की छपरावर चढून दुर्बिणीतून परतणाऱ्या होड्या बघायच्या. होडी पाण्यात किती दबली आहे त्यावरून आज माल किती येणार याचा अंदाज, आणि त्यावर भाव.

आई हसली. "त्याला दुर्बीण कशाला लागते? आमच्या बंदरावरच्या बाया नुसत्या डोळ्यांनी सांगतात."

तो बाजार आता इथे नाही. २००५ मध्ये ब्रॉन्क्सला हलवला. नाहीतर तिला तोही दाखवला असता.

पुढची गोष्ट मात्र मी तिला जरा रंगवून सांगितली. टॅमनी हॉल नावाची इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाची बलाढ्य संघटना होती. मतं गोळा करायची, त्या बदल्यात नोकऱ्या वाटायच्या, भ्रष्टाचारासाठी बदनाम. तिच्या आशीर्वादाने हा तिशीत विधानसभेवर निवडून गेला. ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, पोहोचला तर काही कळेना. एका समितीत टाकला बँकांच्या, दुसऱ्या जंगलांच्या. बँकेत तो तोवर गेला होता तो ज्युरीचं समन्स बजावायला, आणि जंगल तर बघितलंच नव्हतं. परत जावं असं मनात येत होतं. पण गेला नाही. रात्री बसून एकेक विधेयक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागला. बाकीचे बाहेर जेवायला, गप्पा मारायला, आणि हा कलमं वाचतोय. काही वर्षांत सभागृहात कुठला कायदा कुठे अडतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. १९१३ मध्ये तो सभापती झाला.

एकदा सभागृहात आमदार आपापल्या विद्यापीठांच्या मोठ्या बाता मारत होते. हा उठून म्हणाला, मी एफ. एफ. एम. म्हणजे फुल्टन फिश मार्केटचा!

आई पंचायत समितीत तीस वर्षं कारकून होती. फाईल न वाचता सही करणाऱ्या तीन साहेबांचा उद्धार करूनच तिने पुढचं ऐकलं.

नंतर जे सांगितलं त्यावर ती गप्प झाली. २५ मार्च १९११. ट्रायँगल नावाचा कपड्यांचा कारखाना, इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. आग लागली, एक दार कुलूपबंद, आणि १४६ कामगार गेले, बहुतेक स्थलांतरित पोरी. स्मिथ मेलेल्यांच्या घरी भेटायला गेला. मग चौकशी आयोगाचा उपाध्यक्ष म्हणून राज्यभर कारखाने बघत फिरला. फ्रान्सिस पर्किन्स ही कामगारांसाठी झटणारी बाई त्यांना मुद्दाम अशा ठिकाणी न्यायची, की बघणाऱ्याला झोप लागू नये. त्या फेऱ्यांतून अग्निसुरक्षेचे, कामाच्या तासांचे, बायका-मुलांच्या कामाचे कायदे निघाले. टॅमनीतून आलेला माणूस हे करतो, याचं मला अजून नवल वाटतं.

गव्हर्नर म्हणून तो चारदा निवडून आला, १९१८ मध्ये आणि मग १९२२, १९२४, १९२६. मधे एकदा पडलाही. दीडशेहून जास्त सरकारी खाती, मंडळं वगैरेंचा पसारा त्याने वीसच्या आत आणला. समाजवादी आमदारांना सभागृहातून हाकललं तेव्हा त्या विरोधात तो उभा राहिला. ते सगळं आईला सांगितलं नाही, पापलेटांचा बर्फ वितळत होता.

परत येताना हॉलंड टनेलमधून, हडसन नदीखालच्या बोगद्यातून आलो. गाडीत तिला म्हटलं, १९२८ मध्ये हा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, मोठ्या पक्षाचा पहिला कॅथलिक उमेदवार. या बोगद्याच्या उद्घाटनाचा त्याचा फोटो विरोधकांनी वाटला, की हा बघा, बोगदा थेट रोमला पोपकडे जाणार! ओक्लाहोमात त्याची रेल्वे जात असताना कडेला कू क्लक्स क्लॅनने, म्हणजे कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी, क्रॉस पेटवले. तो सणकून पडला, राज्यवार निर्वाचक मतांत ४४४ विरुद्ध ८७. स्वतःचं न्यूयॉर्कही गेलं.

"लोकांना पटलं? बोगदा?" आईने काचेतून फरश्यांच्या भिंतींकडे बघत विचारलं.

त्याच्या नंतरच्या वर्षांनी मात्र माझं मन खट्टू होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंगचा तो प्रमुख झाला. ती १९३१ मध्ये उघडली ती मंदीत, आणि बराच काळ रिकामीच राहिली. ज्या फ्रँकलिन रुझवेल्टला त्याने गव्हर्नर म्हणून आपल्या जागी आणलं, त्याने पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याला विचारलंही नाही. मग हा इतका चिडला की १९३६ मध्ये थेट विरोधी उमेदवाराच्या मागे उभा राहिला. ज्या कायद्यांचा पाया याने घातला, त्यांच्यावरच रुझवेल्टचं बरंचसं काम उभं होतं. हे याला दिसत नसेल असं नाही.

त्याच काळात सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाची किल्ली त्याला मिळाली होती. 'रात्रीचा मानद अधीक्षक' असं गमतीचं पद. घर जवळच, पाचव्या अव्हेन्यूवर. रात्री दिवे मालवल्यावर तो एकटाच आत जायचा, पिंजऱ्यापिंजऱ्यांपुढे थांबायचा. टॅमनीचं चिन्ह वाघ होतं. तिथल्या वाघापुढे उभा राहून तो टॅमनीच्या कट्टर विरोधक महापौराचं, ला गार्डियाचं, नाव करड्या आवाजात घ्यायचा, आणि वाघ गुरगुरायचा, असं सांगतात.

आईने आता पापलेटांना हळद-मीठ लावून ठेवलंय. आत झोपायला जाताना म्हणाली, "एवढं सगळं झाल्यावर पिंजऱ्यात वाघ बघत बसला, होय?"