मार्चअखेर, वर्गण्या आणि पश्चिमेचा वारा

शुक्रवार

मार्चअखेर आली की शिडाच्या क्लबात दोन गोष्टी एकदम होतात. धरणाचं पाणी उतरतं आणि वर्गण्या थकतात. पाणी का उतरतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: शहराचं पिणं, उन्हाळी आवर्तन, वर ऊन. वर्गण्या का थकतात हे मात्र कमिटी दरवर्षी नव्याने शोधायला बसते आणि दरवर्षी ‘फी जास्त झाली’ असं ठरवून उठते. गळालेल्या नावांची यादी जरा सावकाश वाचली तर वेगळंच दिसतं. त्या माणसाकडे स्वतःची बोट नसते, ठरलेला जोडीदार नसतो आणि ड्यूटीच्या यादीत त्याचं नाव कधीच आलेलं नसतं. तो दर रविवारी सिंहगड रोडची गर्दी कापत येतो, काठावर उभा राहतो, चहा पितो आणि जातो. असं कुणी किती दिवस करेल? फी निम्मी केली तरी तो जाणारच.

नवे अर्ज आले आहेत. पुण्यात बोट क्लब म्हटलं की आधी रस्ता आठवतो. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, आणि बोट क्लब रोड हे नाव त्याच्यावरूनच. त्यानंतर आठवते ती सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा. त्यामुळे निम्मे अर्जदार वल्ही मारायला मिळणार या समजुतीने येतात. त्यांना फॉर्म देण्याआधीच सांगावं की इथे वल्हं फक्त वारा पडल्यावर घरी परतायला लागतं.

फॉर्मवर प्रस्तावक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात. बऱ्याच क्लबांत ही नुसती रीत उरली आहे. ओळखीच्या माणसाने चहा पिता पिता सही केली की संपलं. खरं तर या सहीला काम जोडायला हवं. प्रस्तावकाने पहिले सहा रविवार नव्या सभासदाला आपल्या बोटीत क्रू, म्हणजे जोडीचा मदतनीस, म्हणून घ्यायचं आणि अनुमोदकाने त्याला बोट बांधायला-उघडायला शिकवायचं. एवढं कबूल नसेल तर सही करू नये.

वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत येणाऱ्याकडून पूर्ण वर्षाची वर्गणी घेण्याची खोड सोडून द्यावी. जानेवारीत बारा महिन्यांचे पैसे घेऊन एप्रिलमध्ये पुन्हा पावतीपुस्तक पुढे केलं तर कुणीही वैतागेल. वर्गणी तिमाहीच्या हिशेबाने घ्यावी, प्रवेश फी वेगळी. खजिनदाराने एकूण जमेवर लक्ष ठेवावं. वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येत नाही. त्या वर गेल्यास वर्गणीवर १८ टक्के धरून चालावं, आणि तो आकडा अर्जावरच छापावा, म्हणजे पावती फाडताना वाद होत नाही.

पोहण्याची चाचणी दोन भागांत घ्यावी. आधी लाइफ जॅकेटशिवाय ५० मीटर. नंतर अंगावरच्या कपड्यांनिशी, जॅकेट घालून पाच मिनिटं नुसतं तरंगायचं. दुसरा भाग लोकांना पोरकट वाटतो, पण ओली जीन्स किती ओढते आणि सैल बांधलेलं जॅकेट कसं कानापर्यंत चढतं, हे तिथेच कळतं. जांघेतला पट्टा कशासाठी असतो हे मग शिकवावं लागत नाही.

शनिवार

नव्यांसाठी बोट उलटवण्याचा सराव. हा सराव वारा हलका असतानाच घ्यायचा, म्हणजे या दिवसांत दुपारी तीनच्या आधी. त्यानंतर घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो आणि डोंगरांच्या खिंडींतून झटक्याझटक्याने पाण्यावर उतरतो. शिकायला तो वारा नको.

सुरुवात इल्का या एकट्याने चालवायच्या बोटीवर, जिला जुने सभासद अजून लेझरच म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या हलचं (सांगाड्याचं) वजन ५९ किलो. क्लबच्या दृष्टीने हिचा मोठा फायदा म्हणजे एकाच हलवर तीन आकारांची शिडं चढतात: साधारण ७, ५.७ आणि ४.७ चौरस मीटर. डोलकाठीचा फक्त खालचा तुकडा आणि शीड बदललं की झालं. पन्नास किलोच्या मुलीला आणि ऐंशी किलोच्या काकांना एकच बोट पुरते. पैसे मोजके असतील तर क्लबाने दुसरं काही घेण्याआधी हीच घ्यावी.

उलटली तर काय करायचं हे चार वाक्यांत सांगता येतं. बोट सोडायची नाही. मेनशीट, म्हणजे शीड आवळणारी दोरी, मोकळी करायची. पोहत डॅगरबोर्डकडे (तळातून खाली उतरणारी फळी) जाऊन, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे असताना, बोर्डाच्या टोकावर वजन टाकायचं. शीड पाण्यातून सुटलं की बाजूने आत.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो या चार वाक्यांच्या मधल्या जागांत. मेनशीट अडकलेली राहिली तर बोट उभी राहताक्षणी वारा भरून घेते आणि माणसाला मागे ठेवून निघून जाते, नाहीतर त्याच्याच अंगावर पुन्हा पडते. शीड वाऱ्याकडच्या बाजूला पडलं असेल तर उचलताना त्याच्याखाली वारा शिरतो आणि बोट पलीकडे फेकली जाते. म्हणून घाई नको, नाळ आपोआप वाऱ्याकडे वळेपर्यंत थांबायचं. डॅगरबोर्डाला दोरी किंवा इलॅस्टिक नसेल तर पूर्ण पालथ्या बोटीतून तो खाली निसटतो आणि मग उभं राहायला आधारच उरत नाही. तीच गोष्ट डोलकाठीची. इल्काची डोलकाठी नुसती खोबणीत बसवलेली असते. ती बांधणारी दोरी विसरली तर काठी सरळ पाण्यात जाते. आणि मागचं बूच! ते न लावता निघालेली बोट अर्ध्या तासात जडशीळ होते आणि नवा माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. काठावर प्रत्येकाने शेजारच्या बोटीचं बूच बघावं, स्वतःचं नव्हे. स्वतःचं लावलेलंच आहे असं प्रत्येकाला वाटतं.

एंटरप्राइझ ही दोघांची बोट, म्हणून पद्धत वेगळी. सुकाणूवाला पोहत सेंटरबोर्डकडे (डॅगरबोर्डासारखीच फळी) जातो. क्रू आतल्या बाजूला राहून मेनशीट सुटी आहे ना ते बघतो, जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, दोरी सुकाणूवाल्याकडे वरून फेकतो आणि पायपट्टा धरून बोटीच्या आत तरंगत पडून राहतो. सुकाणूवाल्याने बोट उभी केली की क्रू पाण्यासकट आत उचलला जातो आणि त्याच्या वजनामुळे बोट पुन्हा उलटत नाही. क्रूचा नेहमीचा घोटाळा म्हणजे मदत करायच्या उत्साहात बोटीला वरून लोंबकळणं. त्याने काही करायचं नसतं, पडून राहायचं असतं. दोन अनोळखी माणसांना हे एकत्र करायला लावलं की संध्याकाळपर्यंत ती अनोळखी राहत नाहीत. ओळखीसाठी ठेवलेल्या कुठल्याही चहापानाने इतकं साधत नाही.

रविवार

पाणी उतरल्यामुळे सकाळी पहिलं काम रेसच्या बोयांचं, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचं. पावसाळ्याच्या शेवटी सोडलेल्या नांगराच्या दोऱ्या आता कित्येक मीटर जास्त आहेत. बोया मोठ्या वर्तुळात भटकतो आणि ढिली दोरी सेंटरबोर्डात अडकते. दोरी आखूड करायचीच, शिवाय बोयाखाली दोनेक मीटरवर किलोभर वजन टांगायचं, म्हणजे उरलेला ढिलेपणा खाली खेचलेला राहतो. काठाशी आता चिखल आहे आणि जुने बुंधे वर आले आहेत. येताना बोर्ड वेळेवर वर घ्यायचा आणि ट्रॉलीसाठी फळ्या टाकायच्या.

रेसच्या ड्यूटीला नव्या सभासदांची नावं लावली आहेत, प्रत्येकाबरोबर एक जुना. सुरुवातीचा क्रम पाच, चार, एक, शून्य. पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा वर, एक आवाज. चार मिनिटं आधी ‘पी’ झेंडा वर, निळ्यावर पांढरा चौकोन, एक आवाज. एक मिनिट आधी ‘पी’ खाली, एक लांब आवाज. शून्याला वर्गाचा झेंडा खाली, एक आवाज. वेळ झेंड्यावरून धरायची, आवाजावरून नाही. शिट्टी वाजली नाही म्हणून झेंडा थांबवणारा ड्यूटीवाला सगळ्यांची घड्याळं बिघडवतो. कुणी एखाददुसरा सुरुवातीच्या रेषेच्या पुढे असेल तर ‘एक्स’ झेंडा आणि एक आवाज. कोण ते ओळखूच आलं नाही तर ‘पहिला सब्स्टिट्यूट’ झेंडा, दोन आवाज आणि सगळे परत. झेंडे काठीवर आधीच क्रमाने लावून ठेवावेत. चार मिनिटांचा झेंडा पिशवीत शोधत बसणं हे ड्यूटीचं नेहमीचं दृश्य आहे.

निकालाचा हिशेब नव्यांनीच करावा, म्हणजे पोर्ट्समथ आकड्याची (वेगवेगळ्या जातींच्या बोटींचा वेग तोलणारा आकडा) भीती जाते. लागलेले सेकंद गुणिले हजार, भागिले बोटीचा आकडा. समजा इल्काचा ११०० धरला आणि एंटरप्राइझचा ११२०. इल्का ४५ मिनिटांत आली, म्हणजे २७०० सेकंद. दुरुस्त वेळ २४५५. एंटरप्राइझ ४६ मिनिटांत आली, २७६० सेकंद; दुरुस्त वेळ २४६४. एक मिनिट मागे दिसणारी बोट खरी नऊ-दहा सेकंदांनीच हरली. चहाच्या टेबलावर अर्धा तास पुरेल एवढा विषय यातच आहे.

गुणांच्या बाबतीत एक नियम मोडू नये. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, न आलेल्याला एकूण नोंदलेल्या बोटी अधिक एक. पण ड्यूटीवर बसलेल्याला त्याच्या बाकी रेसच्या सरासरीचे गुण द्यायचे. हे जिथे देत नाहीत तिथे चांगले खलाशी ड्यूटी टाळतात, तेच ते तिघे-चौघे राबतात, आणि एक दिवस कंटाळून क्लबच सोडतात.

खाण्याचं: चाळीस माणसांना अडीच-तीन किलो जाडे पोहे, दीड किलो कांदा, चहाला अडीच लिटर दूध. पोहे भिजवून ठेवावेत, पण फोडणी शेवटची बोट रेषा ओलांडल्यावरच. आधी केले तर ओले, दमलेले लोक येईपर्यंत पोह्यांचा भुगा होतो. मिसळीचा आग्रह दरवर्षी होतो. दोन पातेली, फरसाण वेगळं, तर्री वेगळी आणि वाऱ्यावर उडणाऱ्या कागदी वाट्या. मिसळ वार्षिक सभेसाठी राखून ठेवावी.

मुलांना घेऊन आलेले आईवडील हमखास विचारतात की समुद्र नसताना शिकून उपयोग काय. नेहा ठाकूरने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये इल्का ४ (सर्वांत लहान शिडाची इल्का) प्रकारात रौप्य मिळवलं, ती भोपाळच्या तलावावर तयार झाली. हैदराबादच्या हुसेन सागरावर तर राष्ट्रीय स्पर्धा होतात. गोडं पाणी ही अडचण नाही. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ऑप्टिमिस्ट ही छोटी बोट: २.३ मीटर, ३५ किलो. निघण्याआधी तिच्यातल्या तिन्ही हवेच्या पिशव्या दाबून बघायच्या. एक जरी मऊ असली तरी उलटल्यावर बोट तिरकी तरंगते आणि पाणी उपसून संपत नाही. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं हवं. सुटं भांडं पहिल्याच उलटण्यात वाहून जातं.

सोमवार

बोटीच्या वाड्यातल्या बेवारस बोटी मोजायला घेतल्या. थकलेल्या सभासदाची बोट जागा अडवून पडते, कव्हर उन्हाने फाटतं, आत पाणी साठतं, डास होतात, डोलकाठीच्या पोकळीत कुंभारमाशी घर करते. मालक फोन उचलत नाही, कारण थकबाकी वाढलेली. इकडे नवा सभासद बोट नाही म्हणून काठावर. दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे. थकलेल्याला पत्र पाठवायचं ते वसुलीचं नको, पर्यायाचं हवं: बोट क्लबला वापरायला द्या, दुरुस्ती आम्ही करतो, जागेचं भाडं माफ. लेखी संमती घ्यायची, बोटीचे आजचे फोटो सोबत जोडायचे, मुदत एक मोसम. तोंडी ठरवलेलं पावसाळ्यानंतर कुणाला आठवत नाही.

जॅकेटही तपासली. सत्तर किलोंवरच्या माणसाचं जॅकेट ५० न्यूटनचं, म्हणजे साधारण पाच किलो भार पेलणारं. व्यायामशाळेतली पाच किलोची लोखंडी प्लेट त्याला बांधून पाण्यात सोडायची. पाण्यात तिचं वजन ४.३ किलोंच्या आसपासच भरतं. एवढंही न पेलता जॅकेट बुडालं तर फोम बसला आहे. फेकून द्यावं, ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून ठेवू नये.

सभेच्या नोटिशीचा मसुदा तयार. कमिटी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत जायला हवा. जुने सेक्रेटरी नव्यांवर आणि नवे जुन्यांवर ढकलतात आणि मुदत जाते. म्हणून अर्जावर सभेच्याच दिवशी सह्या घ्यायच्या, मिसळ वाढण्याआधी.

पुढच्या रविवारपासून रेस चार वाजता. वळवाचे दिवस जवळ आले आहेत. पूर्वेला ढग चढून पश्चिमेचा वारा अचानक पडला तर रेस तिथेच रद्द, ‘एन’ झेंडा आणि तीन आवाज. पहिला गडगडाट ऐकू आला की सगळे काठावर आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्यांपासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात जायचं नाही. रेस्क्यू बोटीच्या टाकीत पेट्रोल शनिवारीच भरून ठेवायचं, पण काठाशी नाही, वर रस्त्यालगत. हे लोकांच्या पिण्याचं पाणी आहे.