आर्काइव्ह लॉग हाताने उडवू नका, भाऊ

कापसाचा हंगाम लागला की माझा फोन गरम. जिनिंगवाल्यांच्या सर्व्हरवर एरवी शुकशुकाट असतो. दिवाळीनंतर मात्र वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागते, पावत्या फाटत राहतात आणि ओरॅकल डेटाबेसचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फायली, भराभर साचतात. मग ऐन गर्दीत पडद्यावर येते ओआरए-००२५७ ही एरर, म्हणजे लॉग ठेवायला जागा नाही. लॉगिन होत नाही, काटा बंद, बाहेर ट्रॅक्टरवाल्यांचा आरडाओरडा.

मागच्या हंगामात अमळनेरकडच्या एका ऑपरेटरचा असाच फोन. "भाऊ, डिस्कमा जागा नही शे!" जुन्या फायली त्याने सरळ डिलीट मारल्या होत्या, तरी एरर जाईना. जाणार कशी? फायली गेल्या हे ओरॅकलला कोण सांगणार? रिकव्हरी एरियाच्या, म्हणजे लॉग आणि बॅकअपसाठी राखलेल्या जागेच्या, हिशोबात त्या अजून जागा अडवून बसलेल्या. आरमॅनमध्ये, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअप टूलमध्ये, आधी क्रॉसचेक (फायली जागेवर आहेत का ते बघणं), मग डिलीट एक्स्पायर्ड (नसलेल्यांच्या नोंदी पुसणं), तेव्हा कुठे जागा सुटते.

गंमत म्हणजे डिस्क अर्धी रिकामी होती. संपली होती ती डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइझची, म्हणजे रिकव्हरी एरियाला ठरवून दिलेली, मर्यादा. ती वाढवायला एक ओळ लागते, डेटाबेस बंदही करावा लागत नाही. काटा सुरू झाला, पण खरं दुखणं पुढेच होतं.

समजा, रविवारी फुल बॅकअप झाला. मंगळवारचा ८१२ नंबरचा लॉग कुणीतरी उडवला. शुक्रवारी डिस्क गेली. ८१३ पासून पुढचे सगळे लॉग शाबूत असले तरी रिकव्हरी, म्हणजे बॅकअपवर लॉग क्रमाने लावणं, ८११ वर थांबते. मधला एखादा लॉग ओलांडून ओरॅकल पुढे जात नाही. म्हणजे मंगळवारपासूनच्या सगळ्या पावत्या वहीतून पुन्हा भरा, आणि शेतकऱ्याशी वाद घाला तो वेगळाच. म्हणून लॉग उडवलेले कळले की मी आधी तिथल्या तिथे नवा फुल बॅकअप घेतो, चौकशी नंतर.

माझ्याकडे लॉग पुसतो तो फक्त आरमॅन, आणि तोही बॅकअप झालेलेच. हंगामात दर तासाला लॉगचा बॅकअप, रात्री त्याची कॉपी दुसऱ्या मशीनवर. कंट्रोल फाइलचा, म्हणजे डेटाबेसच्या फायलींची यादी ठेवणाऱ्या फाइलचा, ऑटोबॅकअप चालू. डेटा आणि बॅकअप एकाच डिस्कवर ठेवणाऱ्या शेठशी मी हुज्जत घालतो. लाखोंच्या गाठी गोदामात, आणि दुसऱ्या डिस्कचे पैसे काढताना हात आखडतो!

'बॅकअप सक्सेसफुल' या मेलवर माझा काडीचा विश्वास नाही. आरमॅनची 'रिस्टोअर व्हॅलिडेट' कमांड बॅकअप वाचता येतो का ते तपासते, हे ठीक. पण हंगामाआधी मी एका जुन्या मशीनवर अख्खा डेटाबेस उभा करतो, आदल्या दिवशीपर्यंतचे लॉग लावतो आणि मुनीमजींना म्हणतो, कालची शेवटची पावती काढून दाखवा. किती वेळ लागला तो आकडा शेठच्या केबिनमध्ये भिंतीवर चिकटवून येतो. पुढच्या वेळी "पाच मिनिटांत होईल ना?" असं विचारलं, की भिंतीकडे बोट दाखवता येतं.