समर्थांची घळ, गोविंदाग्रजांचा दगड

साताऱ्यात राहणाऱ्याला सह्याद्री बघायला वेगळं कुठे जावं लागत नाही. यवतेश्वरचा घाट चढला की झालं. पण तो कवितेत कसा उतरलाय, याचा नाद मला फार जुना. दहावीच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे दोन रचना सतत तोंडात असतात: समर्थ रामदासांचं शिवथरघळीचं वर्णन आणि गोविंदाग्रजांचं, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं, ‘मंगल देशा’ हे महाराष्ट्रगीत. डोंगर तोच, पण समर्थ त्याच्या पोटात बसून लिहितात आणि गोविंदाग्रज त्याच्यासमोर उभे राहून त्याला हाका मारतात.

घळ आमच्या जिल्ह्यात येत नाही. ती महाडकडे, वरंध घाटाच्या खाली. पण समर्थ शेवटी सज्जनगडावर आले, 1682 मध्ये तिथेच गेले, आणि गडाच्या पायथ्यावरून तसंच पुढे गेलं की ठोसेघर लागतं. ऐन जुलैत तिथल्या कठड्याशी उभं राहिलं की धबधबा दिसतच नाही. समोर नुसतं पांढरं. खालून आवाज येतो आणि तोंडावर पाणी येतं, तेही दरीतून वर चढलेलं. चष्मा पुसून काही उपयोग होत नाही. ‘धबाबा तोय आदळे’ म्हणजे काय ते तिथे अंगावर येऊन कळतं. समर्थ लिहितात ‘तुषार उठती रेणू’, आणि मग वारा, थंडी, धुकं सगळं एकमेकांत मिसळून टाकतात. तुषार वर उठतात हे घरात बसून सुचणारं नाही. त्यासाठी भिजावं लागतं.

आमचे अण्णा तिन्हीसांजेला भीमरूपी झाली की त्याच चालीवर हे घळीचं वर्णन म्हणायचे, दोन्ही अनुष्टुभ छंदातलीच. ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली: या वर्णनात हिरवा, निळा, पांढरा असा रंगच नाही. आहे तो आवाज, वारा, दाट सावली, काळोख आणि त्यात ओरडणारी श्वापदं, पक्षी. पावसाळ्यातल्या दरीत डोळ्यांचं फारसं चालत नाही, आणि हे कान लावून लिहिलेलं आहे. त्यात भीतीही लपवलेली नाही. ‘मानसी साकडे पडे’ असं सरळ म्हणतात, आणि लगेच त्याच जागेबद्दल ‘विश्रांती वाटते तेथे’. भय आणि विसावा एकाच ठिकाणी. डोंगराबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

गोविंदाग्रजांकडे पाऊस नाही, ऋतूच नाही. राकट आणि नाजूक, दगड आणि फुलं अशा जोड्या ठेवत ते जातात. वर्गात म्हणताना छाती भरून येते हे खरं. करवंदीचे काटेही त्यांनी सोडले नाहीत. यवतेश्वरच्या वाटेवर मे महिन्यात करवंदं तोडताना ज्याचे हात ओरबाडलेत त्याला ती ओळ आपली वाटणारच. मात्र दगड आणि फूल यांना ते एकमेकांसमोर उभं करतात, तिथे मला कास आठवतं. 2012 मध्ये जागतिक वारशात गेलेल्या त्या पठारावर फुलं आहेत ती दगडामुळेच. जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड मूळ धरत नाही, पाणी साचून राहतं, आणि सगळं ऊन बुटक्या रोपांना मिळतं. सप्टेंबरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं फुलतात. त्यातली सीतेची आसवं म्हणजे जांभळी, नखाएवढी फुलं. मातीत कस नाही म्हणून हे रोप मुळापाशी बारीक फुगे बाळगतं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात पकडून पोट भरतं. नाजूक म्हणावं की राकट?

गोविंदाग्रजांना हे माहीत असायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. त्यांना देश गायचा होता, आणि म्हणून पुढच्या ओळींत डोंगर मागे पडून शाहीर आणि मर्द पुढे येतात. तिथे माझं मन रमत नाही. समर्थांच्या घळीतही माणसं येतात, पण कथानिरूपणाला येतात, आणि पाणी आपल्या जागी कोसळत राहतं.

परीक्षेत विचारोत न विचारोत, पाठ करायला मी मुलांना समर्थांचं देते, पावसाळ्यातच देते.