आमची वाटचाल : गाळ्यातला गाळवाला

2007 साली आम्ही चौघांनी धंदा सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे दोन ब्लोअर, एक सेकंडहँड ऑक्सिजन मीटर आणि माझगावात मेहुण्याच्या ओळखीने मिळालेला दहा बाय बाराचा गाळा. काम एकच, जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतला गाळ काढायचा. ‘गाळ्यातला गाळवाला’ अशीच ओळख मेहुणा अजून करून देतो.

माल उतरवून जहाज हलकं झालं की तोल राहावा म्हणून टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरतात. पुढच्या बंदरात माल चढताना ते सोडून देतात. पाणी जातं, गाळ तळाशी बसतो. मॅनहोलमधून उतरायचं, कमरेत वाकून फावड्याने ओढायचा, बादल्या वर. आधी आतली हवा तपासायची, मग माणूस उतरणार. एजंट घड्याळ दाखवत राहतो. दाखवू दे.

त्या गाळात जिवंत काय असतं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून भाची ‘तात्पुरती’ हिशेब बघायला आली आणि सगळं बदललं. म्हणाली, “मामा, तुम्ही बादलीने जे फेकता ना, त्याच्यासाठी जगाने करार केलाय.” बॅलास्टच्या पाण्यातून आणि गाळातून एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात जाऊ नयेत, म्हणून तो करार. 2004 साली झालेला, 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. त्याच्याही आधी, 2000 च्या सुमारास, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या प्रश्नावर पथदर्शी काम करायला जगातली सहा ठिकाणं निवडली होती. त्यांत मुंबई होती आणि काळ्या समुद्रावरचं ओडेसाही. इतकी वर्षं गोदीत घालवून मला हे भाचीकडून कळावं!

काळ्या समुद्रात घुसलेल्या कॉम्ब जेलीची गोष्टही तिनेच सांगितली. कॉम्ब जेली म्हणजे आपली डंख मारणारी जेलीफिश नव्हे. हिला डंख नाही. काचेसारखं अंग, त्यावर बारीक केसांच्या आठ ओळी, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि उजेडात त्यांच्यावर इंद्रधनुष्याचे रंग धावतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची नीमिऑप्सिस नावाची जात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या समुद्रात दिसली. बॅलास्टच्या पाण्यातून आली असं मानतात. एकच जीव नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे जोडीदार नसला तरी अडत नाही. दिवसाला हजारो अंडी. माशांची अंडी, पिल्लं आणि त्या पिल्लांचं खाणं, सगळं ती फस्त करते. दशक संपेपर्यंत तिथली अँकोव्हीची मासेमारी कोसळली. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या भावकीतला मासा. अतोनात मासेमारी हेही कारण होतंच, सगळा दोष जेलीवर ढकलणं मला पटत नाही. 1999 ला ती कॅस्पियनमध्ये पोचली. काळ्या समुद्रात तिला आवर बसला तो 1997 ला आलेल्या दुसऱ्या कॉम्ब जेलीमुळे. बेरोए तिचं नाव. ती पहिलीलाच खाते, आणि तीही बाहेरूनच आलेली!

करार लागू झाला तसं आम्ही पतपेढीचं कर्ज काढून मायक्रोस्कोप घेतला आणि नमुने तपासण्याच्या कामात शिरलो. सोडलेल्या पाण्यात, 1 घनमीटरमध्ये, 50 मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमी हवेत. म्हणजे चांगल्या कामाचा पुरावा म्हणून गिऱ्हाइकाला जवळजवळ रिकामी बशी दाखवायची. त्याचं बिल लावणं सोपं नाही. एकाने तर नमुना न घेताच ‘स्वच्छ’ असा रिपोर्ट मागितला. दिला नाही. त्याची आधीची दोन बिलं अजून अडकलेली आहेत.

आमची खरी डोकेदुखी मात्र फिल्टर, टाकीत पाणी भरताना ते गाळणारा. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला टँकर कच्चं तेल उतरवतात आणि जाताना आपलं पाणी भरून घेतात. आपण परकं पाणी घेतो तसं आपलंही जगाला पाठवतो, हे बोलताना कुणाच्या लक्षात येत नाही. आणि आपलं पाणी म्हणजे चहा! भरती-ओहोटीत खाडीचा गाळ असा उठतो की फिल्टर चोंदतो, पंप थकतो आणि चीफ ऑफिसर ‘बायपास करा’ म्हणून ओरडतो. परदेशी कंपनीच्या माहितीपुस्तकात स्वच्छ निळ्या समुद्राचा फोटो असतो. आम्ही फिल्टर केव्हा आणि किती वेळा धुवायचा याचं वेळापत्रक भरतीच्या कोष्टकावरून बसवलं. सध्या निम्मी कमाई त्याच्यावर आहे.

एकदा पावसाळ्यानंतर आमच्या जाळीत लिंबाएवढा काचेचा गोळा आला. ओळी चमकत होत्या. मी घाबरून लगेच फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवायचं रसायन, ओतलं. सकाळी बाटलीत गढूळ चोथा. भाची अशी भडकली की दोन दिवस मला नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’. या जीवांना फॉर्मालिन मानवत नाही, बरेचसे विरघळूनच जातात, हे तिने आधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. नशीब, पोराने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. दोन लांब दोरे लोंबत होते आणि नीमिऑप्सिससारखे पदर नव्हते. प्लुरोब्रॅकिया, इथलीच कॉम्ब जेली.

आता नमुना जिवंतच बघायचा आणि त्याच दिवशी. फॉर्मालिनच्या कपाटाची किल्ली भाचीकडे असते.