कापूर, माठ आणि कूलर

आज चौथीला पदार्थाच्या अवस्था शिकवल्या. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताटली, ताटलीत कापराची वडी, वर उपडा काचेचा ग्लास. ग्लासावर ओला फडका. थोड्या वेळात आतून पांढरे कण धरले. पोरं ताटलीवर अशी वाकली, की मलाच दिसेना! मागून आवाज आला, "मॅडम, हा तं पाणी न होताच उडाला!" 'संप्लवन' हा शब्द फळ्यावर त्यानंतर लिहिला, लिहायची गरज नव्हती खरं तर.

मग लाइट गेली (जाणारच). घामाघूम पोरांना म्हटलं, माठातलं पाणी गार का राहतं? माठ पाझरतो, बाहेरच्या पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातूनच जाते.

"म्हणजे आमचा कूलर बी माठच हाय का जी?"

हो रे बाप्पा, माठच!