खाणीसाठी यंत्रं भाड्यानं घेताना

दर पटकन ठरले. घासाघीस झाली ती मोजायचं काय, यावर.

ओव्हरबर्डन, म्हणजे खनिजावरचा माती-दगड, काढून डंपला (ढिगाच्या जागी) टाकायचं आणि डंपरसाठी हॉल रोड बांधायचा, असं काम. कुणी पोकलेन तासावर देत होतं, कुणी खेपेवर. तासाचा दर स्वस्त वाटतो, पण तास मोजणारा अवर मीटर इंजिनाबरोबर चालतो. डंपरची वाट बघत पोकलेन नुसती धडधडत उभी राहिली, तरी आकडा चढतोच. खेपेत दुसरीच गोम. सुरुंगानं फोडलेला दगड फुगतो. जागेवरचा एक घनमीटर डंपरमध्ये दीडच्या आसपास भरतो, म्हणजे फटींमधल्या हवेचंही भाडं! मी जागेवरच्या घनमीटरवर अडून बसलो. कामाआधी आणि महिनाअखेरीस दोघांच्या समक्ष टोटल स्टेशननं (मोजणीच्या यंत्रानं) जमिनीच्या लेव्हल घ्यायच्या, फरकावर बिल. किरकोळ कामं तेवढी तासावर ठेवली.

मग यार्डात यंत्रं बघितली. एका पोकलेनला ताजा रंग, मीटरवर तास कमी. पण पेडलचं रबर झिजून गुळगुळीत आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात टोकदार. ऑपरेटरला बूम (यंत्राचा हात) लांबवून बकेट हातभर अधांतरी धरायला लावली आणि इंजिन बंद करवलं. गप्पा मारता मारता बकेट खाली उतरत होती. सिलिंडरची सीलं गेलेली. मालक म्हणाला, "साहेब, एवढं कोणी बघत नाही." ते यंत्र तिथंच सोडलं. डंपर निवडताना हिशेब सोपा: चार ते सहा बकेटांत भरला पाहिजे. त्याहून मोठा घेतला तर पोकलेनखाली ताटकळतो.

डिझेल कोणाचं, यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च कोणाचा, बिघाड झाल्यास बदली किती तासांत, हे सगळं वर्क ऑर्डरमध्ये घातलं. बकेटमध्ये न मावणारे धोंडे रॉक ब्रेकरनं फोडायचे पैसे कोण देणार, हेही. भांडणं बहुतेक याच कलमावरून होतात.

हॉल रोड बांधणाऱ्या सिव्हिलवाल्यानं दुहेरी रस्ता डंपरच्या दुप्पट रुंदीचा धरला होता. मी साडेतीनपट मागितला, शिवाय कडेला निदान अर्ध्या चाकाइतका उंच मातीचा बांध. "बांधाचे पैसे वेगळे," तो म्हणाला. दिले.